नववं वर्ष : वहीत ‘शांत’ हा शब्द २०४ वेळा

माझ्या ध्यानाची मागची नोंद लिहून पाच महिने झाले. मधे गप्प होतो, कारण लिहायचं ते जरा लाजिरवाणं होतं. जुन्या नोंदी वाचलेल्यांना आठवत असेल, मी दर महिन्याला ‘बैठक स्थिर, ४० मिनिटं सहज’ अशा थाटाचं काहीतरी लिहायचो. ते खोटं नव्हतं. पण आता जे कळलंय त्यानंतर त्या नोंदी वाचवत नाहीत.

आधी आकडे, आपल्या मंडळींना आकडे लागतात. नऊ वर्षं पूर्ण. टायमरवर एकूण १,८६० तास. पद्धत आनापान, म्हणजे नाकपुडीपाशी श्वास आत येताना-बाहेर जाताना फक्त जाणत राहायचं. दहा दिवसांची दोन विपश्यना शिबिरं केली, पहाटे चारची घंटा आणि दिवसाला दहा तास बैठक. दोन्ही शिबिरांनंतर महिनाभर हवेत होतो. मग जमिनीवर. बाकी रोजची एक बैठक, पहाटे, मांडी घालून, खाली जाड उशी. आजारपण सोडलं तर फारसा खंड नाही.

फोन

त्या दिवशी बैठक ४५ मिनिटांची झाली होती, वहीत ‘गाढ शांत’ असं लिहिलंय. उठलो आणि पायातल्या मुंग्या जाईपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिलो. तेवढ्यात ताईचा फोन. बाबांच्या तपासण्यांचे जुने रिपोर्ट हवे होते. ते माझ्याकडे आहेत असं तिचं म्हणणं, तिच्याकडे आहेत असं माझं. दुसऱ्या मिनिटाला मी ओरडलो, “तुला एक तरी गोष्ट धड जमते का गं?”

हे वाक्य मी आठवीत असल्यापासून तिला ऐकवतोय. तोच सूर, ‘धड’वर तोच जोर. फोन ठेवला तेव्हा पायातल्या मुंग्या अजून गेल्या नव्हत्या.

(रिपोर्ट माझ्याच कपाटात निघाले. ते असो.)

राग येण्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. ध्यान करणाऱ्याला राग येत नाही असं आता कोणी मानत नसावं. पण ‘राग येतो, मात्र येताना दिसतो’ एवढं तरी पदरात पडलंय, असं मी धरून चाललो होतो. इतरांना सांगितलंही होतं. त्या सकाळी काहीच दिसलं नाही. छातीत गरम झालं नाही, श्वास अडकलेला कळला नाही, काही नाही. वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मी ते तिच्यासारखंच ऐकलं.

पहिलं पान

त्या आठवड्यात पहिल्या वर्षाची वही काढली. आतल्या पानावर तेव्हा तीन ओळी लिहिल्या होत्या. राग कमी. झोप नीट. तिसरी ओळ ‘समाधी’ आणि पुढे प्रश्नचिन्ह, तेही पेन्सिलीने. म्हणजे मागायचं तर होतं, पण कोणी पाहिलं तर खोडता यावं.

झोप सुधारली, हे खरं. पण त्याच सुमाराला मी मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर ठेवायला लागलो होतो, तेव्हा श्रेय कोणाला द्यायचं हे मी ठरवू शकत नाही. रागाचं वर आलंच. तिसऱ्या ओळीबद्दल न बोललेलं बरं.

ती पानं लिहिली तेव्हा ‘आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते’ हे जिकडेतिकडे वाचायला मिळत होतं. मीही ते चार जणांना सांगितलंय. त्यामागचा २०११ चा गाजलेला अभ्यास फक्त १६ शिकाऊंचा होता. पुढे २०२२ मध्ये २१८ जणांवरचा, जास्त काटेकोर अभ्यास आला आणि आठ आठवड्यांच्या तशाच प्रशिक्षणानंतर त्यात रचनेतला बदल काही सापडला नाही. २०१४ साली ४७ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या, ३,५१५ माणसं. चिंता, नैराश्य आणि दुखणं यांत माफक फायदा, पण व्यायामासारख्या दुसऱ्या उपायांपेक्षा ध्यान सरस ठरल्याचा पुरावा नाही. माफक. हा शब्द मला पहिल्या वर्षी कोणी सांगितला असता तर कदाचित मी बसलोच नसतो, आणि बसलो असतो तर आज एवढा खट्टू झालो नसतो.

मग ज्यांच्याकडे शिकलो त्या सरांना विचारलं. उत्तर आलं, “अपेक्षा सोडा, तीच अडथळा आहे.” नऊ वर्षांत हे उत्तर मी निदान दहा वेळा ऐकलंय आणि या वेळी पहिल्यांदा चिडलो. चांगलं झालं तर ध्यानामुळे, नाही झालं तर तुमच्या अपेक्षेमुळे. असा जमाखर्च मांडला तर तोटा कधीच दिसणार नाही. शिवाय अपेक्षा नसलेला माणूस पहाटे उठून उशीवर कशाला बसेल?

भाचीचं निदान

खरी मेख मात्र निघाली ती दोन महिन्यांनी. ताईची मुलगी सुट्टीत राहायला आली होती, वय वर्षं नऊ. एका पहाटे लवकर उठली आणि गपचूप समोर येऊन बसली. मला पत्ता नाही. टायमर वाजला, डोळे उघडले तर ही समोर.

“मामा, तू झोपला होतास.”

“नाही गं, ध्यान करत होतो.”

“घोरत नव्हतास. पण मान अशी होत होती.” आणि तिने करून दाखवलं. हनुवटी हळूहळू छातीकडे, अगदी सावकाश, मग एक बारीक झटका देऊन वर. परत हळूहळू खाली. चेहऱ्यावर अर्धवट हसू. “आणि तू हसत होतास.”

त्या दिवशीच्या वहीत मी तोवर ‘गोड’ लिहूनही टाकलं होतं.

तुमच्यापैकी निम्म्यांना इथे हसू आलं असेल आणि उरलेल्यांनी उद्या कोणाला तरी समोर बसवून बघावं. कारण आतून ते झोपेसारखं अजिबात वाटत नाही. श्वास बारीक होतो, शरीराच्या कडा पुसट होतात, विचारांचा आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा येतो, वेळ भुर्रकन जातो. मी याला शांतता म्हणत होतो. वही उघडून एका वर्षाची मोजणी केली. ३१२ बैठका. शेऱ्याच्या रकान्यात ‘शांत’ २०४ वेळा, ‘गोड’ ४१, ‘चंचल’ ५२, आणि १५ रकाने कोरे. त्या ‘शांत’ आणि ‘गोड’मधल्या किती बैठकांत माझी हनुवटी छातीवर होती, हे आता कळायला मार्ग नाही.

याला जुन्या लोकांनी नाव देऊन ठेवलंय आणि मी ते वाचलेलंही होतं, हे जास्त टोचतं. लय, म्हणजे मन जागं न राहता गुंगीत विरून जाणं. अद्वैत वेदान्ताचे जुने आचार्य गौडपाद, त्यांच्या कारिकांत (श्लोकांत) तिसऱ्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की मन विषयांमागे धावत असेल तर आवरा, आणि लयात सुखावून पडलं असेल तरीही आवरा, ‘यथा कामो लयस्तथा’, म्हणजे वासना जेवढी घातक तेवढाच लय. दोनच श्लोक पुढे ‘लये सम्बोधयेच्चित्तं’, लयात गेलेल्या मनाला जागं करा. आणि त्याला लागूनच ‘तिथलं सुख चाखत बसू नका’. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या नऊ अंतरायांत, म्हणजे अडथळ्यांत, एक ‘अलब्धभूमिकत्व’ आहे, पायरी हाती न लागणं. मी इतकी वर्षं स्वतःला या खात्यात टाकत होतो, कारण त्यात निदान धडपडणाऱ्याचा मान आहे. माझं खातं त्याच यादीत आधी येतं : स्त्यान, मनाचा जडपणा.

बौद्धांच्या पाली परंपरेत याला थीनमिद्ध म्हणतात, म्हणजे सुस्ती आणि पेंग. अंगुत्तरनिकाय या ग्रंथात मोग्गल्लान नावाचा शिष्य डुलक्या घेत बसलेला असताना बुद्धांनी त्याला एकामागून एक उपाय सांगितलेत ते वाचून मला फार बरं वाटलं. कान ओढ, हातपाय चोळ. उठून डोळ्यांना पाणी लाव, चारी दिशांना बघ, नक्षत्रांकडे बघ. येरझाऱ्या घाल. आणि एवढं करूनही जात नसेल तर उजव्या कुशीवर झोप, उठायची वेळ मनात धरून. मोग्गल्लान पुढे अग्रश्रावक झाला, म्हणजे बुद्धांच्या दोन प्रमुख शिष्यांपैकी एक. त्याला ‘अपेक्षा सोड’ असं सांगितलेलं नाही, कान ओढायला सांगितलंय.

टोल

मग एक प्रयोग केला. ४० मिनिटांच्या बैठकीत दर पाच मिनिटांनी एक टोल, म्हणजे शेवटचा सोडून सात. टोल पडला की त्या क्षणी मन कुठे होतं ते बोटाने मोजायचं. उजवा हात श्वासासाठी, डावा विचारांसाठी, आणि कुठलंच बोट पटकन हललं नाही तर गुंगी. (हा शेवटचा भाग माझा शोध आहे आणि मला त्याचा थोडा अभिमान आहे. गुंगीत असलेल्या माणसाला ‘मी कुठे होतो’ हे आठवायलाच दोन-तीन सेकंद लागतात.)

१४ दिवस, ९८ टोल. श्वासावर ३१. विचारांत ४०. गुंगीत २७.

पहिल्या चार-पाच दिवसांनी एक घोळ लक्षात आला. मनाला पाच मिनिटं कळायला लागली. टोल जवळ आला की ते शहाण्या मुलासारखं श्वासावर येऊन बसायचं, शाळेत तपासनीस यायच्या दिवशी वर्ग बसतो तसं. म्हणजे ३१ हा आकडासुद्धा फुगलेला. आता टायमरवर अनियमित टोल लावलेत, दोन ते आठ मिनिटांच्या मधे कधीही. ज्यांना करून बघायचंय त्यांनी सुरुवातीपासूनच अनियमित लावा, माझे दोन आठवडे तुमच्या कामी येऊ द्या.

बदल काय काय केले तेही सांगतो. उशी पातळ केली, जाड उशीवर मी मागे रेलून आरामात विसावत होतो. डोळे अर्धे उघडे, नजर दोन हातांवर जमिनीला. हे भयंकर कंटाळवाणं आहे. फरशीची रेघ, रेघेतला केस, तो केस आज कालच्यापेक्षा थोडा सरकलाय. डुलकी आली की उभं राहायचं, उरलेली बैठक उभ्याने. पहिल्या आठवड्यात अकरा वेळा उभा राहिलो. कानही ओढून पाहिले, काम करतं.

गुंगी कमी झाली. तिच्या जागी काय आलं असेल असं वाटतं? शांतता? छे. कंटाळा, गुडघा, आणि ताईचं ते वाक्य. म्हणजे माझं वाक्य. नऊ वर्षं जे गोड धुक्याखाली झाकलेलं होतं ते सगळं आता उघड्या डोळ्यांसमोर. वहीत गेल्या महिन्यात ‘शांत’ हा शब्द तीनदा आलाय, ‘गोड’ एकदाही नाही. मला त्या धुक्याची आठवण येते, हे कबूल करतो. काही पहाटे टायमर लावताना हात जाड उशीकडे जातो.

एक गोष्ट बाजूला सांगून ठेवतो. माझं दुखणं कंटाळ्याचं आणि अपेक्षाभंगाचं आहे. काहींना ध्यानातून याहून जड गोष्टी होतात. भीतीचे झटके, झोप उडणं, आपण आपल्यातून सुटल्यासारखं वाटणं. २०१७ साली ६० साधकांच्या मुलाखतींतून असे ५९ प्रकारचे अनुभव नोंदवले गेलेत. तसं काही होत असेल तर टोलबिल लावत बसू नका, बैठक थांबवा आणि डॉक्टरांशी बोला.

सोडणार का, असं दोघांनी विचारलं. मधे सतरा दिवस सोडलं होतं. काही बिघडलं नाही. अठराव्या दिवशी जाग आली, करायला दुसरं काही सुचेना, म्हणून बसलो. याहून थोर कारण माझ्याकडे नाही. पहिल्या पानावरची तिसरी ओळ मात्र खोडली. पेन्सिल असल्याने सोपं गेलं, पण कागदावर वळ राहिलाय, उजेडात तिरकं धरलं की वाचता येतं.

नवा रकाना एकच वाढवलाय, ‘आवाज चढला का?’ तो रात्री झोपताना भरायचा. गेल्या ३० दिवसांत ‘हो’ १२ वेळा. आधीचा आकडाच नसल्याने हे जास्त की कमी सांगता येत नाही. १२ पैकी दोन वेळा चढायच्या आधी कळलं, घशाशी काहीतरी आवळल्यासारखं झालं. एकदा कळूनही ओरडलोच.

ताईला गेल्या रविवारी फोन केला, त्या वाक्याबद्दल बोलायला. ती म्हणाली, “कुठलं वाक्य? तू तर नेहमीच म्हणतोस ते.” मग भाचीने फोन ओढून घेतला आणि विचारलं, मान अजून तशीच होते का.

आजची नोंद : ४० मिनिटं, डोळे अर्धे उघडे, शेवटची नऊ मिनिटं उभ्याने. अनियमित टोल आठ. श्वास २, विचार ५, गुंगी १. पाचही विचार त्या फोनचेच.