काट्यावर एकच पोतं, तपासायचे दोनशे किलो

वाळपईला मामाचं काजूबिया खरेदीचं दुकान आहे. काट्यावरचं वजन केबलने घेऊन पावती छापणारा सी भाषेतला प्रोग्रॅम मीच त्याला लिहून दिलाय. एप्रिलात त्याचा फोन आला, "अगं, चार पोती एकदम ठेवली नि पावती उणे दाखवते." दोनशे किलो, दर १५० रुपये. यायला हवे ३०,०००. छापलं उणे १२,९४९.६७. मामाने हाताने हिशेब करून शेतकऱ्याला पैसे दिले, पण मला रात्रभर झोप नाही.

सकाळी पणजीहून पहिली बस पकडली. पोचले तोवर माल गेलेला, ५० किलोचं एकच पोतं शिल्लक. 'डॅश जी' (तपासणीसाठीची माहिती प्रोग्रॅममध्ये ठेवणारा पर्याय) देऊन कंपाइल केलं, जीडीबीत, म्हणजे चालू प्रोग्रॅम थांबवून आत डोकावायच्या डीबगरमध्ये, गुणाकाराच्या ओळीवर ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबायची खूण, लावला. वजनाच्या व्हेरिएबलचं नाव नुसतं 'डब्ल्यू'. प्रिंट केलं: ५००००, ग्रॅममध्ये, बरोबर. मग 'सेट डब्ल्यू = २०००००' दिलं, तर कमांड संदिग्ध आहे म्हणून एरर. जीडीबीच्या स्वतःच्या सेटिंग्जही 'सेट'नेच बदलतात, आणि विड्थ, राइट अशा डब्ल्यूवरून सुरू होणाऱ्या बऱ्याच आहेत. 'सेट व्हार डब्ल्यू = २०००००' लिहिलं, लगेच घेतलं.

घाईत तिथेच टोटल प्रिंट केलं, आकडा भलताच. थांबलेली ओळ अजून चाललेली नसते! 'नेक्स्ट' दिलं, पुन्हा प्रिंट: -१२९४९६७ पैसे. तीच पावती, पोती न उचलता.

'व्हॉटइज डब्ल्यू' विचारलं, तर जीडीबी म्हणालं इंट, म्हणजे साधा पूर्णांक; दरही इंट. दोन लाख ग्रॅम गुणिले किलोचा दर १५,००० पैसे म्हणजे, हजाराने भागायच्या आधी, तीन अब्ज, आणि इंटमध्ये मावतात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७; त्यापुढे गेलेला आकडा इथे उणे झाला. खात्रीसाठी पुन्हा रन करून डब्ल्यू १४३१६५ केलं: २१,४७४.७५ रुपये, बरोबर. १४३१६६ केलं: उणे. एका ग्रॅमचा फरक! एवढं नेमकं वजन काट्यावर कसं जमवणार होते मी?

आधी फक्त टोटल 'लाँग लाँग', म्हणजे इंटहून खूप मोठे आकडे मावणारा प्रकार, करून पाहिलं. तरीही उणेच, कारण गुणाकार इंटमध्येच होत होता. डब्ल्यूच 'लाँग लाँग' केला, तिन्ही वजनं पुन्हा घातली, तिन्ही बरोबर.

संध्याकाळी नवा माल आला. मामाने मुद्दाम चार पोती एकदम चढवायला लावली. २०१.३ किलो. पावती ३०,१९५ रुपयांची.