डाव्या हातात पिस्तूल: आधी बोट, मग स्कोर

उजवं मनगट किंवा कोपर दुखावलं की एअर पिस्तूलवाल्यापुढे दोनच वाटा उरतात: रेंज बंद, नाहीतर डावा हात. पिस्तूल एकाच हाताने धरायचं, एवढंच नियम सांगतो. तो हात कुठला, हे तुमचं तुम्ही ठरवा. हंगेरीचा नेमबाज कारोली ताकाश याचा उजवा हात १९३८ मध्ये ग्रेनेड फुटून निकामी झाला. त्याने डाव्या हाताने पहिल्यापासून सुरुवात केली आणि १९४८ ला लंडन, १९५२ ला हेलसिंकी, अशी रॅपिड फायर पिस्तुलात सलग दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली. आपला नेमबाज मनीष नरवाल टोकियो पॅरालिंपिकचं सुवर्ण डाव्या हातानेच घेऊन आला. तेव्हा ‘डाव्यात ताकद नाही’ ही सबब फार टिकत नाही. ताकद महिन्या-दोन महिन्यांत येते. वेळ लागतो तो बोटाला.

डावा हात सुरुवातीला हलणारच, आणि बहुतेक जण तिथेच घाबरतात. पण हलण्याचे दोन प्रकार आहेत. दोन्ही साइट (नळीच्या टोकाची फ्रंट आणि डोळ्याकडची, खाच असलेली रिअर) एका रेषेत राहून अख्खं पिस्तूल १ मिमी बाजूला सरकलं, तर टारगेटवर फरकही १ मिमीचाच पडतो. तेच फ्रंट साइट रिअरच्या खाचेत १ मिमी बाजूला गेली, तर दोन साइटमधलं अंतर ३४ सेंमी धरून १० मीटरवर जवळजवळ ३० मिमीचा फरक पडतो. दहा गुणांच्या मधोमध जाणारा पेलेट (छर्रा) थेट सातवर. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं. पेलेटची कड नुसती लागली तरी दहा मिळतो हे धरलं, तरी साइटमधली चूक पाव मिलिमीटरच्या आसपासच खपते. म्हणून हात टारगेटच्या काळ्या गोलावर फिरत असेल तर फिरू द्या, नजर फ्रंट साइटवरून हलवू नका. टारगेट धूसर दिसायलाच हवं.

सुरुवात डोळ्यापासून करा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये रुपयाएवढी फट ठेवा, त्यातून समोरचा स्विच बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने स्विच दिसत राहतो तो तुमचा मुख्य डोळा. पिस्तूल डाव्या हातात आणि मुख्य डोळा उजवा असेल, तर मान वाकवून डोळा साइटमागे नेण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण डोकं कललं की तोल प्रत्येक शॉटला वेगळा. त्याऐवजी छाती टारगेटकडे जरा जास्त वळवून उभे राहा. हात आपोआप उजव्या डोळ्यासमोर येतो. मग चष्म्याचं भिंग नव्या रेषेला काटकोनात बसवून घ्या. डावा डोळा कामाला लावायचा असेल तर उजव्यासमोर ब्लाइंडर (डोळा झाकणारी पट्टी) लावा, रुंदी ३० मिमीपर्यंत चालते. तो काळा नको, दुधी घ्या. काळ्याने बाहुली मोठी होते आणि साइटच्या कडा पुसट दिसतात. दुखापत तात्पुरती असेल तर माझ्या मते डोळा बदलूच नये. हात आणि डोळा एकदम बदलले की चूक कुणाची ते कळत नाही.

ग्रिपमध्ये (पिस्तुलाच्या मुठीत) तडजोड नको. उजव्या हाताची ग्रिप डाव्यात नुसती कोंबली जाते, बसत नाही: पाम शेल्फ (तळहाताखालचा टेकू) उलट्या बाजूला, अंगठ्याची जागा चुकीची. चांगल्या कंपन्यांच्या पिस्तुलांना त्याच मॉडेलची डावी ग्रिप मिळते. पाम शेल्फ हाताला टेकेल इतपतच घट्ट करा. तळहात आवळला की बोट मोकळं राहत नाही. मग डोळे मिटून पिस्तूल उचला आणि डोळे उघडा. फ्रंट साइट दर वेळी खाचेच्या एकाच बाजूला चिकटलेली दिसली, तर ती मनगट वळवून सरळ करू नका. शेवटच्या दहा शॉटना मनगट दमतं आणि जुनी चूक परत येते. ग्रिपच सुधारा: जिथे पोकळ लागतं तिथे लाकडाची पुट्टी भरा, जिथे टोचतं तिथे कानस.

उभं राहणं आरशातल्यासारखं उलटं: डावा पाय पुढे. डोळे मिटून हात उचला, उघडून बघा. पिस्तूल टारगेटच्या डावीकडे जात असेल तर मागचा पाय डावीकडे सरकवा, उजवीकडे जात असेल तर उजवीकडे. खांद्याने ओढून आणू नका. कोपर ताठ, खांदा खाली. रिकामा उजवा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवा, नाहीतर सवयीने तोही ट्रिगर दाबायला आवळतो.

आता बोट. डाव्या हाताची तर्जनी हलली की बाकीची तीन बोटंही सोबत आवळतात, सगळा घोळ त्यातच आहे. पहिले काही दिवस पिस्तूल टेबलावरच्या उशीवर टेकवून ड्राय फायर करा, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगर दाबा. वजन हाताला नाही, त्यामुळे फ्रंट साइट हलली तर ती बोटानेच हलली. ती जागची हलेनाशी झाली की उभं राहून पांढऱ्या भिंतीसमोर तेच. ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम लागतं. ट्रिगर दोन टप्प्यांत दबतो, त्यातलं बहुतेक वजन पहिल्या टप्प्यात घ्या, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला बोटाला फार काही करावं लागत नाही. हात स्थिरावल्यावर सात-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर खाली घ्या. कंटाळा येतो, पण ‘आता मारूनच टाकतो’ म्हणून सुटलेला शॉट डाव्या हाताला वाईट वळण लावतो. रोज वीस मिनिटं पुरे. ताकदीसाठी वेगळं: १५ सेकंद धरा, ४५ सेकंद विश्रांती, दहा वेळा.

पेलेट घालून सुरुवात कोऱ्या पांढऱ्या कागदावर, दहा-दहा शॉटच्या ग्रुपने. भोकं कुठे पडली हे नंतर, किती जवळ पडली हे आधी. वीस शॉटचा ग्रुप एका जागी बसेपर्यंत साइटचे क्लिक (साइट सरकवायचे स्क्रू) फिरवू नका. चुका ओळखायचे तक्ते बहुधा उजव्या हातासाठी छापलेले असतात, ते उलटे वाचा: ट्रिगरला झटका मारला की उजव्या हाताचा शॉट खाली डावीकडे जातो, डाव्याचा खाली उजवीकडे. ग्रुप वर-खाली लांबट पडत असेल तर मनगट सैल आहे किंवा श्वास मध्येच चालू आहे.

टेबलही उलटं मांडा. पेलेटचा डबा उजव्या हाताला, दुर्बीण असेल तर तीही नव्या बाजूला. हे साधं वाटतं, पण डबा जुन्या जागी राहिला की पेलेट घ्यायला अंग वळतं आणि नळी शेजारच्या लेनकडे जाते. लोड करताना पिस्तूल टेबलावर टेकवा, नळी टारगेटकडेच. काही मॉडेलचा कॉकिंग लिव्हर (शॉटआधी ओढायचा दांडा) डाव्या हातात पिस्तूल असताना अडचणीचा पडतो. त्यांना आधी टेबलावर ठेवून, मग उजव्या हाताने लिव्हर ओढायची सवय लावून घ्या.