फळा पुसला कोणी

१६ जून २०२०, मंगळवार

लाईट अजून नाही, रेंज तर नाहीच. मेणबत्त्या संपत आल्यात, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलंय.

काल पंधरा जून. दरवर्षी या तारखेला पहिलीची पोरं भोकाड पसरतात आणि त्यांच्या आया पागोळ्यांखाली भिजत खिडकीशी उभ्या राहतात. काल मी आणि मोठे सर, दोघंच. माझ्या वर्गाची निम्मी कौलं उडालीयत, वर ताडपत्री फडफडतेय. ते बघायची तयारी करूनच गेले होते. फळ्याचं मात्र डोक्यातही नव्हतं.

मार्चमध्ये शाळा बंद करा म्हणून निरोप आला तेव्हा फळा मी तसाच ठेवला होता, मुद्दाम. कोपऱ्यात तारीख, खाली पट २३, हजर २१. मधे चौथीला घातलेला भागाकार, ८६५ भागिले ७, अर्ध्यावर थांबलेला. पोषण आहाराचे तांदूळ वाटायला गेलो तेव्हाही कोणाला हात लावू दिला नाही. मुलं आली की तिथूनच पुढे सुरू करू, असं काहीतरी मनात होतं.

काल त्या जागी चाकरमान्यांची यादी. नाव, मुंबईहून आल्याची तारीख, चौदा दिवस कधी भरतात ते. खडूही माझ्याच डब्यातला.

एवढं लागायचं काय कारण? शाळा क्वारंटाईनला द्यायची का, असं ग्रामपंचायतीनं विचारलं तेव्हा हो म्हणणाऱ्यांत मीच पहिली. त्या माणसांना वाडीत कोणी घेत नव्हतं. सख्ख्या भावानं पडवीत टेकू दिलं नाही, अशीही एक तऱ्हा झाली (नाव लिहीत नाही, उद्या त्याच घरून दूध यायचंय). तीन तारखेला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा ती माणसं शाळेतच होती. बाकं दाराला लावून त्यांवर बसून राहिली. कौलं उडायला लागल्यावर हजेरीपट आणि पुस्तकं लोखंडी कपाटात कोंबली ती त्यांनीच. मोठ्या सरांनी हे सगळं सांगितलं. मी 'हो का' म्हटलं आणि परत फळ्याकडे बघत बसले. पट २३, हजर २१. कोण दोघं नव्हती त्या दिवशी, तेसुद्धा आता आठवत नाही. हजेरीपटात सापडेल म्हणा. पण फळ्यावरचं ते फळ्यावरचं.

डोंबिवलीला फोन लागत नाहीये. ते आज नको.

आज दुपारी सहाणेवर (पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावर) शाळा समितीची बैठक झाली. अंतर ठेवून बसायचं, त्यात अध्यक्षांना कमी ऐकू येतं, त्यामुळे आमचं सगळं नियोजन गावानं ऐकलं. दापोलीला मोबाईल चार्ज करायला गेलेल्या पोरानं केंद्रप्रमुखांचा मेसेज आणला होता. नववी, दहावी, बारावी जुलैपासून, सहावी ते आठवी ऑगस्ट, तिसरी ते पाचवी सप्टेंबर. तोवर ऑनलाइन. तिसरी ते पाचवीला दिवसाला एक तास. विजेचे खांब शेतात आडवे पडलेत, टॉवर बंद. मेसेज वाचून होईपर्यंत कोणी हसलं नाही, मग आशाताई हसल्या आणि सगळेच सुटले.

शेवटी ठरलं ते असं. मुलांना एकत्र आणायचं नाही, वाडीवाडीला गट करायचे, ज्याची पडवी मोठी त्याच्याकडे बसायचं. मी आणि सर आळीपाळीनं फिरणार. वरच्या वाडीत दुसरीला ती पोर घेईल, भूगोलाचा पेपर रद्द झाल्यापासून दहावीच्या निकालाची वाट बघत घरी बसलीय. लावणी लागली की चौथीची पोरंही शेतावर असणार, म्हणून तेवढे दिवस संध्याकाळी. निरोप आशाताईंबरोबर, नाहीतर दुधाबरोबर. रेंज आली की ग्रुपवर आहेच. पत्रे कुठेच मिळत नाहीत, तोपर्यंत ताडपत्री.

उठताना यादीतला एकजण जवळ आला. माझाच विद्यार्थी, आता भांडुपला रिक्षा चालवतो. चौदा दिवस भरलेत, आता कौलं शाकारायला हात देतोय. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "फळा कोणी पुसला रे?"

"मीच बाई. पण गणित आधी पुरं केलं. रात्रंदिवस समोर अर्धा भागाकार, झोपच येईना. सोडवला, मग पुसला."

"बाकी किती आली?"

"पाच."

चार येते. १२३, बाकी चार. मास्क होता म्हणून माझं तोंड त्याला दिसलं नाही. ओरडणार तरी कशी, भागाकार त्याला शिकवला कोणी? सकाळपासून मी कोणावर चिडले होते, तेच कळेना. जरा बरं वाटलं, खरं सांगायचं तर. बाकी चुकली, पण पोरगा अर्ध्यावर सोडून गेला नाही. रिक्षाचे हप्ते थकलेत म्हणाला. पुढचं बोलला नाही, मीही विचारलं नाही.

केंद्रप्रमुखांना तक्ता भरून द्यायचाय. किती पालकांकडे स्मार्टफोन, किती जणांकडे टीव्ही, किती जणांकडे काहीच नाही. वीज आहे का, असा रकानाच नाही त्यात. शेऱ्यात लिहीन. कागद उद्या दुधाबरोबर दापोलीला जाईल, आणि येताना खडूचा डबा आणायला सांगितलाय. पडव्यांना फळे नाहीत, पण जमीन आहे.