मोजे काढा

शुगरच्या वार्षिक तपासणीला गेले होते. रक्त आधीच देऊन झालं होतं, त्यामुळे वजन, बीपी आणि चार सूचना एवढंच असेल असं वाटलं. तर लेस्टरच्या आमच्या दवाखान्यातली नर्स म्हणाली, मोजे काढा.

मग डोळे मिटायला सांगून तिने नायलॉनचा जाडसर दोरा तळपायाला टेकवला. तो वाकला की दाब १० ग्रॅमचा. जाणवलं की 'हो' म्हणायचं. शुगरने पायाची संवेदना कमी झालीय का, ते यातून कळतं. अंगठा, बोटं, चवडा, सगळं सावकाश. शेवटी पायाची नाडीही बघितली. इंग्लंडमध्ये डायबिटीसवाल्यांसाठी ही तपासणी दरवर्षी ठरलेली.

मला बाबा आठवले. एकोणीस वर्षांची शुगर, ठाण्यात नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी खेप, जाडजूड फाइल. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी चप्पल काढायला लावली नाही. राग आला, अजून येतो. दर सोमवारी ते कौपिनेश्वराला अनवाणी प्रदक्षिणा घालतात. मे महिन्यात फरशी तापते, पण "मला नाही चटके बसत," असं अभिमानाने सांगतात. आणि आम्ही ते भक्तीच्या खाती जमा करत आलो.

ठाण्याची बाजूही घेणारच. तिथे सकाळी साडेसहाला लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त नेतो, दुपारी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर. इथे गोळ्या फुकट, पण या अपॉइंटमेंटसाठी मी पाच आठवडे थांबले.

नर्सने दोऱ्याशिवायची घरगुती पद्धतही दाखवली, इप्सविच टच टेस्ट. रविवारी व्हिडिओ कॉलवर आईकडून करवून घेतली. बाबा पलंगावर, डोळे मिटून. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट, करंगळी, अशा सहा जागी तर्जनी एक-दोन सेकंद नुसती टेकवायची. दाबायचं नाही, चोळायचं नाही. जाणवलं की बाबांनी उजवा की डावा पाय ते सांगायचं.

"उजवा." "डावा." मग शांतता.

"अहो, सांगा ना."

"तू लावलंस कुठे बोट?"

आईचं बोट उजव्या करंगळीवर होतं. पुढे उजव्या मधल्या बोटालाही तेच. सहापैकी दोन जागी कळलं नाही तर संवेदना कमी झालेली असू शकते, डॉक्टरांना दाखवायचंच.

मी ठाण्यात असते तर हे आधी कळलं असतं का? नसतंच. इथे आले म्हणून कळलं, असं मी धरून चालले आहे.

आता आई रोज रात्री टॉर्च घेऊन त्यांचे तळवे बघते. प्रदक्षिणा पहाटे, फरशी गार असताना, जाड सुती मोजे घालून. बुधवारी डॉक्टरांकडे नंबर आहे. त्यांनी सांगितलं नाही तरी मोजे आपणच काढायचे, हे दोघांनाही बजावलंय.