तो आवाज मला ऐकवू नका

फोनच्या लाइनवरून नेट जोडताना मोडेम जो आवाज करायचा, तो मला का नको असतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ऑफिसातल्या पोरांनी विचारलं, भाच्याने विचारलं. शाळेच्या ग्रुपवर तर दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मोडेमची ती किंचाळी टाकतं आणि खाली बदाम पडायला लागतात. "काय दिवस होते यार! तुला नाही आठवत?" मी गप्प बसतो. मग खासगीत विचारणा होते, की तुझं नेमकं बिनसलंय कुठे?

आठवतं. तुमच्यापेक्षा जास्तच आठवत असेल. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं, पण ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ते यायला २००० साल उजाडलं. मोडेमच्या डब्यावर ५६ के लिहिलेलं, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट. प्रत्यक्षात स्क्रीनच्या कोपऱ्यात ४५,३३३ आलं की मी बाबांना हाक मारून दाखवायचो. पावसाळ्यात गेटजवळच्या खांबावरच्या डब्यात पाणी शिरायचं, लाइनवर खरखर सुरू व्हायची आणि तोच आकडा २६,४०० वर यायचा. म्हणजे सेकंदाला जेमतेम तीन केबी. तुम्हाला गोड वाटतो तो आवाज म्हणजे दोन मोडेमनी लाइन तपासत, किती वेगाने बोलायचं हे ठरवण्याची घासाघीस. आमच्याकडे ती घासाघीस बहुधा हरण्यातच संपायची.

जुगाड मीही केले. ब्राउझरमधली चित्रं बंद. मेल आधी लिहून ठेवायचे, मग जोडायचं, पाठवायचं, लगेच तोडायचं, कारण तासांच्या पॅकचे पैसे वेगळे आणि फोनच्या कॉलचे वेगळे. हॉलमधून आतल्या खोलीपर्यंत दाराच्या चौकटीवरून खिळे मारून नेलेली वायर. आईने चुकून हॉलमधला रिसीव्हर उचलला की दोन तासांचं डाउनलोड गेलं, म्हणून रिसीव्हरवर चिकटवलेली चिठ्ठी: "उचलू नये." हे सगळं सांगितलं की लोक हसतात. मीही इथवर हसतो.

त्यातला एक जुगाड मात्र मी कधी सांगत नाही. कॉल वेटिंग. नेट चालू असताना कुणाचा फोन आला तर वेटिंगचा टूं वाजायचा आणि कनेक्शन तुटायचं. त्यामुळे बसण्याआधी मी कॉल वेटिंग बंद करून टाकायचो. पलीकडच्याला फक्त एंगेज ऐकू यायचं.

आता शेजार. काकांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडल्यावर त्यांनी आपला फोन परत केला होता. मोबाइलवर तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडायचे, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता. काकूंच्या मुलीने (मी तिला ताई म्हणायचो) बी.कॉम. करून जागोजागी अर्ज टाकले होते आणि प्रत्येकावर आमचा नंबर, पुढे पी.पी. भाच्याला पी.पी. समजावून सांगावं लागलं: फोन शेजाऱ्यांचा, पण हाक मारून बोलावतील. आम्ही बोलवायचो. तसा शब्दच होता तो.

जुलै २००१. शनिवार, पाऊस धो धो. आई-बाबा डोंबिवलीला मावशीकडे. मी सकाळी दहाला बसलो. एका क्रिकेटच्या गेमचा डेमो, ३८ एमबी. पुढे कित्येक वर्षं मी हे सांगताना "कॉलेजच्या प्रोजेक्टची फाइल" असं म्हणत आलो. गेम होता. तीन वेळा तुटलं. तिन्ही वेळा डाउनलोड मॅनेजरने जिथे सोडलं तिथून पुन्हा धरलं आणि मला त्याचा केवढा अभिमान! मधल्या एका मिनिटात फोनची घंटा वाजू शकली असती, पण मी लगेच पुन्हा डायल करत होतो. दुपारचे अडीच झाले.

चारच्या सुमाराला ताई दारात आली. "माझा फोन आला होता का रे?"

"नाही," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. आला नव्हताच. या एका वाक्यावर मी स्वतःशी इतकी वर्षं वकिली केली आहे की ते आता मलाच पाठ झालंय.

मंगळवारी तिने कोपऱ्यावरच्या पीसीओवरून त्या ऑफिसात फोन लावला. त्यांनी शनिवारी तीनदा प्रयत्न केला होता, दर वेळी एंगेज. सोमवारी मुलाखती झाल्या, जागा भरली. काकूंनी हे आईला सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं. आईने माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी जिन्यात ताई भेटली. "शनिवारी नेट चालू होतं का रे?" "थोडा वेळ होतं," मी म्हणालो. हे मात्र खोटं होतं. ती "बरं" म्हणाली आणि वर गेली.

पुढच्या अर्जांवर खालच्या वाण्याचा नंबर गेला. मला ते कसं कळलं? एकदा दुकानात साखर घेत होतो, फोन वाजला आणि वाण्याने माझ्यासमोर पोऱ्याला तिला बोलवायला पाठवलं. आमच्या घरावरूनच वर गेला तो.

आता तुम्ही म्हणाल, वीस वर्षांचा होतास, एवढं काय! मीही तेच म्हणतो. इंटरनेटने आमच्यासारख्यांना किती दिलं, माझी ऐरोलीतली नोकरी त्या रात्रींच्या जागरणातूनच आली, हेही खरं. ताईला वर्षभराने दुसरी नोकरी मिळाली, तिचं बरं चाललंय. पण हे वाक्य मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून वापरायला लागलो की मला माझाच राग येतो. ती नोकरी मिळाली असती की नाही, कुणास ठाऊक. मुलाखतीला तरी ती गेली असती. चूक लाइनची, पावसाची, की माझी? लाइनवर ढकलून पाहिलं. पण कॉल वेटिंग पावसाने बंद केलं नव्हतं.

आणि तो डेमो चालला. एकदम मस्त चालला. गणपतीपर्यंत रोज खेळत होतो.