देवळाली कॅम्पचं शिसपट्टीचं तावदान : पोट गेलं, लांबी भरून झाली

जिन्यावरचं, पश्चिमेला तोंड असलेलं तावदान, रंगीत काचांचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून केलेलं. ६२ × ९१ सेंमी, ४७ तुकडे, मधोमध २२ मिमी पोट, म्हणजे फुगवटा. तीन तुकडे फुटलेले, एक लाल तुकडा गायब.

पोट का सुटलं ते आधी. ऊन लागलं की शिसं काचेच्या साधारण तिप्पट पसरतं. ३० अंशांच्या फरकात एक मीटर शिसं जवळपास ०.९ मिमी वाढतं, काच ०.३ मिमीसुद्धा नाही. आणि शिसं एकदा ताणलं की पूर्ववत होत नाही. त्यात मागच्या आडव्या गजाला बांधलेल्या तांब्याच्या तारा तुटल्या होत्या, म्हणजे सव्वाचार किलो काच नुसत्या शिशावर. अशा तावदानावर वरून सोल्डरचे थेंब टाकून 'दुरुस्ती' केलेली बरेचदा दिसते. उपयोग शून्य. सोल्डर शिशापेक्षा कडक असल्यामुळे पुढची चीर थेंबाच्या कडेलाच पडते.

उतरवण्याआधी पातळ कागद ठेवून मेणखडूने ठसा घेतला, दोन प्रती. एक प्रत कापायला, दुसरीवर सुटलेले तुकडे जागच्या जागी मांडायला. क्रमांक कागदावर घाला, काचेवर मार्करने नको, पाण्यात जातो. या काचांवर रंगकाम नाही याची खात्री करूनच तावदान रात्रभर पाण्यात ठेवलं. जुनी लांबी (काच आणि पट्टीमधली फट भरणारी पुट्टी) थोडी सैल होते आणि शिशाची पांढरी भुकटी उडत नाही. खरा धोका त्या भुकटीचाच. सोल्डर करताना शिशाची वाफ जवळजवळ होत नाही, पण हात न धुता खाल्लेला वडापाव महागात पडतो. कोरडं घासकाम अजिबात नको, मुलं त्या खोलीत नकोत.

लाल तुकड्याने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. बाजूच्या फुटक्या लाल काचेची कड पाहिली तर पांढऱ्या काचेवर लाल रंगाचा नुसता पापुद्रा. आरपार लाल काच बसवली असती तर शेजारच्यांपुढे ती काळपट दिसली असती. पापुद्र्याची काच कापताना कटर पांढऱ्या बाजूने चालवायचा, लाल बाजूने नाही. फुटके तुकडे चिकट तांबेपट्टी लावून जोडले. मधून नवी शिसपट्टी घातली असती तर नक्षीच बदलली असती.

पट्टी एच आकाराची, ८ मिमी रुंद, मधली भिंत १.५ मिमी. कापणीच्या कागदावर दोन तुकड्यांमध्ये तेवढीच फट सोडायची. हे विसरलात तर आडव्या ओळीतल्या सहा तुकड्यांत ७-८ मिमी वाढतात आणि शेवटचा तुकडा बसत नाही. वापरण्याआधी पट्टी व्हाइसमध्ये धरून पक्कडीने ओढायची. दोन मीटरमागे ३-४ सेंमी लांबली की ती सरळ आणि ताठ होते.

सोल्डर ६०/४० (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं), ८० वॅटचं सोल्डरिंगचं लोखंड, रेग्युलेटरवर. शिसं ३२७ अंशांना वितळतं, सोल्डर १९० च्या आसपास. मधली जागा पुरेशी आहे, पण लोखंड एका ठिकाणी तीन सेकंद रेंगाळलं की पट्टीला भोक पडतं. सांधा ब्रशने चकचकीत केल्याशिवाय सोल्डर धरत नाही. दोन पट्ट्यांत १ मिमीपेक्षा जास्त फट राहिली तर सोल्डर ओतू नका, शिशाची चिपटी ठोकून भरा.

गजाच्या तारांना मोटर वाइंडिंगच्या दुकानातली १.५ मिमी तांब्याची तार चालते. तिच्यावर वार्निश असतं, ते खरवडलं नाही तर सोल्डर घसरतं. १० सेंमीचे तुकडे, सांध्यावरच जोडलेले.

आता लांबी. व्हायटिंग (खडूची बारीक पूड) १ किलो, उकळलेलं जवस तेल सुमारे २०० मिली, चिमूटभर काजळी, आणि टर्पेंटाइन बेताने, पिठलं सैल असतं तितकं होईपर्यंत. राठ ब्रशने पट्टीच्या ओठाखाली, म्हणजे काचेवर येणाऱ्या कडेखाली, चारही दिशांनी कोंबायची, वर कोरडी व्हायटिंग भुरभुरवून जादा तेल शोषून घ्यायचं, दोन्ही बाजू एकाच दिवशी. तावदानाला ताठपणा या लांबीमुळेच येतो. तेलाच्या चिंध्या गोळा करून डब्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरा.

दुसऱ्या दिवशी बांबूच्या टोकाने कडा साफ केल्या. उन्हाळ्यात आठवडाभराने तावदान उभं करता आलं असतं. आषाढातल्या दमट हवेत लांबी बारा दिवसांनीही नखाने दबते आहे. त्यामुळे आणखी दोन आठवडे आडवंच राहील. तोवर सागाच्या चौकटीची खाच रंध्याने मोठी करून चारही बाजूंना ३ मिमी मोकळीक ठेवायची, कारण फुगलेलं लाकूड सर्वात आधी याच तावदानावर दाब आणणार.