जुना कोड वाचणारी माणसं

बुधवार, रात्र

"आज झालं असतं ना, तर एआयने पाच मिनिटांत केलं असतं." एवढंच वाक्य. दुपारी जेवताना बोललं गेलं, सगळे हसले, डबे बंद झाले, जो तो आपल्या जागेवर गेला. मला मात्र ते संध्याकाळपर्यंत सोडेना. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. बोलणारा पोरगा मनाने चांगला आहे, हुशार आहे, कुणाला टोचायचं म्हणून तो बोलला नव्हता. तरी लागलं. का लागलं ते नीट कळत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

विषय निघाला नासाच्या व्हॉयेजर यानावरून, १९७७ मध्ये सुटलेल्या. नोव्हेंबर २०२६ मध्ये व्हॉयेजर १ पृथ्वीपासून एक प्रकाशदिवस अंतरावर पोहोचणार, म्हणजे सुमारे २,५९० कोटी किलोमीटर, ही बातमी सकाळी कुणीतरी ग्रुपवर टाकली. तिथून पुढे हा हा म्हणता पन्नासेक मेसेज झाले. लॉग, म्हणजे यंत्राच्या नोंदी, यायला दोन दिवस लागणार आणि तरी यांची सिस्टिम चालू, आपला सर्व्हर शेजारच्या इमारतीत असून सापडत नाही, १९७७ चा कोड अजून पळतोय आणि आपला परवाचा पडला, वगैरे. मीही त्यात हसले. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात माणसं अशीच बोलतात. बातमी कितीही मोठी असो, ती आधी आपल्या कालच्या रिलीजला लावून बघतात. त्यात प्रेमच असतं.

मग जेवताना मी २०२४ ची दुरुस्ती सांगायला लागले. मला ती गोष्ट फार आवडते, कितीही वेळा सांगितली तरी.

१४ नोव्हेंबर २०२३ ला व्हॉयेजर १ कडून येणाऱ्या माहितीचा अर्थच लागेनासा झाला. यान जिवंत होतं, खालून पाठवलेले आदेश घेत होतं, पण परत पाठवत होतं ते एक आणि शून्याचं तेच ते दळण. संशय होता एका संगणकावर. उपकरणांची आणि यानाच्या प्रकृतीची माहिती गोळा करून ती पृथ्वीकडे पाठवण्याजोगी बांधून देणारा, फ्लाइट डेटा सबसिस्टिम नावाचा. पण नेमकं काय बिघडलंय हे सांगणारी माहितीही त्याच वाटेने येणार, आणि वाट तर बंद. जाऊन बघायची सोय नाही. एक आदेश पोहोचायला साडेबावीस तास आणि त्याचं उत्तर यायला आणखी साडेबावीस. सुरुवातीचे महिने असेच गेले. १ मार्च २०२४ ला त्यांनी त्या संगणकाला हलकेच डिवचणारा एक आदेश पाठवला: बिघडलेला भाग टाळून जरा दुसऱ्या वाटेने जाऊन बघ. ३ मार्चला जे आलं ते पूर्वीच्या दळणासारखं नव्हतं, पण नेहमीच्या माहितीसारखंही नव्हतं. दूरच्या यानांशी बोलणाऱ्या नासाच्या डीप स्पेस नेटवर्कमधल्या एका इंजिनिअरने ते उलगडलं. त्यात त्या संगणकाच्या अख्ख्या मेमरीची प्रत होती.

मला या ठिकाणी दरवेळी थांबावंसं वाटतं. मग ती प्रत बिघाडाच्या आधीच्या प्रतीशेजारी ठेवून ताडून बघितली. सुमारे तीन टक्के मेमरी खराब झाली होती, एक चिप गेली होती. त्या चिपमध्ये राहणारा कोड दुसरीकडे हलवायचा, तर तो अख्खा मावेल एवढी एकही मोकळी जागा नव्हती. यानावरच्या सगळ्या संगणकांची मेमरी मिळून सत्तर किलोबाइटच्या आसपास. आमच्या लॉगिनच्या पानावरचा लोगो याहून मोठा आहे. तेव्हा त्यांनी कोडचे तुकडे केले, जिथे जिथे थोडी जागा होती तिथे एकेक ठेवला, ते तुकडे पुन्हा एक होऊन चालतील असं बघितलं, आणि उरलेल्या मेमरीत जिथे जिथे जुन्या जागेचा पत्ता लिहिलेला होता तो प्रत्येक पत्ता बदलला. पहिला तुकडा गुरुवारी, १८ एप्रिलला पाठवला. शनिवारी, २० तारखेला उत्तर आलं. पाच महिन्यांनी यानाने पहिल्यांदा आपली तब्येत नीट सांगितली. जूनपर्यंत, तेव्हा चालू असलेल्या चारही उपकरणांकडून माहिती सुरू झाली.

नेमकं इथे ते वाक्य आलं.

खरं तर एआयने काय केलं असतं आणि काय नसतं, याच्याशी मला घेणं नाही. मी दिवसभर तेच वापरते. मला ज्याने अस्वस्थ केलं ते "पाच मिनिटांत" हे शब्द असावेत. पाच मिनिटांत काय झालं असतं? तुकडे झाले असते, पत्ते बदलले असते, कबूल. पण त्या दुरुस्तीचा मोठा भाग तो नव्हताच. नासाने तेव्हाच सांगितलं होतं की असला बिघाड शोधायचा तर कित्येक दशकांपूर्वीची मूळ कागदपत्रं काढून बसावं लागतं, आणि ती लिहिणाऱ्यांना आजच्या अडचणींची कल्पनाही नव्हती. मी मनात तेच चित्र बघत होते. कुणीतरी पिवळा पडलेला कागद समोर घेऊन विचारतंय, याने हे असं का केलं असेल? त्याला वेडा न ठरवता, त्याच्याकडे काही कारण असणार असं धरून. मोहिमेचे शास्त्रीय प्रमुख एड स्टोन १९७२ पासून पन्नास वर्षं त्या कामावर होते. ते ९ जून २०२४ ला गेले, दुरुस्ती झाल्यावर. पण १९७७ च्या अगोदर रात्री जागून कोड लिहिणारे किती जण आज त्या खोलीत असतील? त्यांना विचारायची सोय नाही. त्यांनी लिहिलेलं वाचायचं, एवढंच हातात. आणि त्यांना वाचणारी माणसं मिळाली.

हां. हेच असावं.

कारण सोमवारी एक टिकेट, म्हणजे कामाची चिठ्ठी, आलंय. बँकेच्या सॉफ्टवेअरमधलं, मी लिहिलेलं व्याजाचं मॉड्यूल काढून टाकायचं. निर्णय वरून झालाय आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, नवी सिस्टिम येते तेव्हा जुनं जातं. मी स्वतः कितीतरी लोकांचं काढलंय. पण टिकेटच्या खाली त्या फाइलचं यंत्राने करून दिलेलं टिपण डकवलं होतं. चार ओळी. सगळ्या बरोबर. शेवटची ओळ अशी की १ एप्रिल २०१० च्या आधीच्या तारखांसाठीचा भाग आता वापरात नाही, काढायला हरकत नाही. त्याच्याखाली पसंतीचे दोन अंगठे.

मी ते वाचलं आणि मला एकदम फार एकटं वाटलं. इतकी वर्षं या गावात, या रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये, दोन इमारती आणि कितीतरी मॅनेजर बदलून, आणि मागे काय राहिलं तर चार ओळी. लेक परवा जे म्हणाली ते आठवलं. ते इथे नको. ताईला फोन करावासा वाटला, पण तिच्याकडे तेव्हा पहाट असणार.

तो भाग का आहे, हे मी तेव्हा सविस्तर लिहून ठेवलं होतं, आकृत्यांसकट. मधल्या काळात ऑफिसची विकी, म्हणजे असली टिपणं ठेवायची जागा, दोनदा बदलली. ती पानं कुठल्या तरी स्थलांतरात राहून गेली. कोडमधल्या टिपा एका सफाईत गेल्या, मी तेव्हा दुसऱ्या टीमवर होते. आता उरलाय तो नुसता कोड, आणि तो बघून कुणालाही हेच वाटेल की कुणी बाईने उगाच वाकडी वाट घेतली आहे.

व्हॉयेजरची आठवण निघाली की आपल्याकडे दरवेळी केसरबाई केरकरांची भैरवी फिरते. आजही ग्रुपवर आलीच. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई यानासोबत धाडलेल्या ध्वनिमुद्रणांच्या सोनेरी तबकडीवर आहेत याचा मलाही अभिमान आहे. यान सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला त्या गेल्या, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छांमध्ये आपली मराठीही आहे. ती तबकडी कुणी ऐकेल का हे कुणाला माहीत नाही. पण त्याच यानातल्या कोडला वाचक मिळाले, इथेच, पृथ्वीवर, पंचेचाळीसहून अधिक वर्षांनी. आणि ते कुणी फॉरवर्ड करत नाही. मला ते केसरबाईंपेक्षा कमी वाटत नाही. असं बोलले तर घरात ऐकून घ्यावं लागेल, पण वाटत नाही.

सहाच्या सुमाराला तोच पोरगा जागेवर आला. लॅपटॉप उघडा, ते टिकेट समोर. म्हणाला, "मॅम, हे कळलं मला, पण दहाच तारीख का?"

मी पटकन काही बोललेच नाही. मग खुर्ची ओढून घे म्हटलं.

पूर्वी बचत खात्यावर रोजच्या शिलकीवर व्याज मिळत नसे. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. दहाच्या आत पैसे भरले तर धरले जायचे, अकराला भरले तर त्या महिन्यापुरते नाहीत. चाळीस हजार महिनाभर ठेवले आणि अठ्ठावीसला अडचण आली म्हणून अडतीस काढले, तर व्याज दोनच हजारांवर. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीचा नियम आला आणि हे संपलं. पोरगा ऐकून थक्क झाला. त्याने जन्मात पासबुक भरून घेतलेलं नाही. "म्हणजे लोकांचं नुकसान व्हायचं?" म्हणाला. व्हायचं. म्हणून तर जाणती माणसं पैसे काढायला एक तारखेची वाट बघायची.

मग तो म्हणाला, पण आता तर तो नियम नाही, मग कोड कशाला? तेव्हा मी त्याला त्या शाखेची गोष्ट सांगितली. लहान सहकारी बँक, संगणक उशिरा आलेला, कितीतरी बंद पडलेल्या खात्यांना वर्षानुवर्षं व्याज लावायचंच राहून गेलेलं. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण वारस मागाहून आला तर बँकेला त्याचे पैसे द्यावेच लागतात. वारस येतात. गेलेल्या वडिलांच्या ट्रंकेत पासबुक सापडतं, आणि मुलगा ते रुमालात गुंडाळून घेऊन येतो. त्याला २००३ चं व्याज २००३ च्या नियमाने मिळायला हवं. तो भाग त्याच्यासाठी आहे.

हे मला कुणी शिकवलं, तर तिथल्या अकाउंटंट काकांनी. लेजरची पानं एकेक उलटून, दहा तारखेच्या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ मारून दाखवायचे. बोलायला कमी. मी पुण्याची पोरगी, फॉर्म्युला द्या म्हणून मागे लागलेली, आणि ते मला एकेका खातेदाराचं नाव सांगत होते. हे शिक्षक, हे गवंडी, ह्या बाई दर श्रावणात पैसे काढतात. मी सगळं लिहून घेतलं. कोडमधली ती वाकडी वाट म्हणजे त्यांची लाल रेघ आहे. त्यांचं नाव कुठेच नाही, कधी नव्हतंच, आणि त्यांनी ते मागितलंही नाही.

हे सांगता सांगता माझ्यातलं काहीतरी सैल झालं. दुपारपासून मी माझं काय राहिलं, माझं काय राहिलं करत होते. पण त्या फाइलमध्ये माझं असं होतं तरी किती? काकांचं मी वाचलं, माझं आज याने विचारलं. मॉड्यूल गेलं तर जाईल. नवीन सिस्टिममध्ये २०१० च्या आधीचा हिशेब कसा करणार, हे मात्र कुणीतरी विचारायलाच हवं, आणि ते टिकेटवर मी आता लिहिणार आहे, सभ्यपणे पण ठाम. अंगठ्यांना न घाबरता.

तरी पूर्ण बरं वाटलेलं नाही. पोरग्याने विचारलं म्हणून कळलं. न विचारता ते दोन अंगठे आणखी चार झाले असते तर? व्हॉयेजरची वीज दरवर्षी चारेक वॅटने कमी होतेय, एकेक उपकरण बंद करत आणलंय, आणि तरी २००४ पासून मेलेले धरलेले थ्रस्टर, यानाची दिशा सांभाळणारे, कुणीतरी २०२५ मध्ये पुन्हा चालू करून बघितले. स्विच हलला असेल का, एवढ्या एका शंकेवरून. चालू झाले. अशी शंका घेणारी माणसं कुठून येतात, ती टीममध्ये कशी टिकवतात, हे कुठल्या बातमीत नसतं.

उद्या दहाला पोरगा पुन्हा येणार आहे. आधी त्याला लेजरवरून हिशेब करायला लावायचा, कागदावर, मगच कोड. एक गोष्ट मलाही पक्की करून घ्यायची आहे: दहा तारखेला रविवार आला तर सोमवारी भरलेले पैसे त्या शाखेत धरायचे की नाही. कोडमध्ये धरलेत. का धरलेत ते काकाच सांगू शकतील. शाखेचा जुना नंबर डायरीत आहे, सकाळी लावून बघते.